इंडिकेटर घाई करून राहिला म्हणजे गाडी काहीतरी सांगून राहिली

गाडीचं दुखणं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळा लागला की नागपुरात दुपारी बाहेर पडवत नाही, मग घरात बसल्या बसल्या गाडीत काहीतरी करायची हौस येते आणि ऑनलाइन मागवलेलं पार्सल दारात येऊन पडतं. यावेळी आलेली बरीचशी पत्रं इंडिकेटरच्या एलईडी बल्बबद्दलच आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : नमस्कार दादा, २००९ ची छोटी गाडी आहे, एमएच ३१ पासिंग, बाबांची होती, आता मी चालवतो. मागच्या दोन्ही इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी टाकले, घरीच केलं, डिक्की उघडून पेचकसनी दोन स्क्रू खोलले की लाईट बाहेर येतो. दिसायला मस्त दिसून राहिले पण आता इंडिकेटर दिला की टिकटिकटिकटिक असा पळतच सुटतो, दुप्पट स्पीडनी. पुढचा जुनाच बल्ब आहे तोपण तसाच पळतो. बल्ब खराब आला का? परत करू का?
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर : भाऊ, परत करायची घाई करू नका. बल्ब चांगला आहे आणि गाडीही चांगली आहे. गाडी तिचं काम इमानदारीनं करून राहिली, ती तुम्हाला सांगते आहे की मागचा बल्ब उडाला.

आता कसं ते सांगतो. तुमच्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅटचा एक बल्ब, मागे २१ वॅटचा एक आणि मडगार्डवर तो छोटा ५ वॅटचा. बेरीज ४७ वॅट, बारा व्होल्टला हिशोब केला तर जवळपास ४ अँपिअर करंट. डॅशबोर्डखाली जो फ्लॅशर रिले असतो, ज्याचा तो टिकटिक आवाज येतो, तो नुसता चालू-बंद करत नाही, आपल्यातून करंट किती जाऊन राहिला तेही पाहतो. २१ वॅटचा एक बल्ब उडाला की करंट ४ वरून सव्वादोनच्या आसपास येतो, रिलेला कळतं की एक गेला आणि तो वेग वाढवतो. हे कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं आहे कारण ड्रायव्हरला सीटवर बसून मागचा बल्ब दिसत नाही, पण कानाला टिकटिक ऐकू येते ना. तुम्ही टाकलेला एलईडी खातो तीन-चार वॅट, करंट पाव अँपिअरच्या आगेमागे, म्हणजे रिलेच्या हिशोबानं तिथे बल्बच नाही.

तुमच्या वयाच्या गाडीत बहुतेक रिले वेगळा असतो, म्हणून सगळ्यात साधा इलाज म्हणजे एलईडीसाठी बनवलेला रिले टाकणं. तो करंट पाहत नाही, त्याच्या आत टायमिंग ठरलेलं असतं, मिनिटाला ८०-९० वेळा. जुना रिले शोधायचा कसा, तर रेडिओ बंद, इंडिकेटर चालू, आणि स्टीअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या आत हात घालून एकेका डबीला बोट लावत जा. जी डबी बोटाला टिकटिक लागेल ती तीच. कोणाला विचारायची गरज नाही, बोटाला बरोबर समजतं. मग इंडिकेटर बंद, चावी काढा, त्याचा फ्यूज काढून ठेवा आणि डबी सरळ ओढून बाहेर घ्या, वाकडी करू नका, सॉकेटच्या पत्त्या सैल होतात.

आता बाहेर आलेल्या डबीचे पाय पाहा. त्यावर बी, एल, ई असं लिहिलेलं असेल नाहीतर ४९, ४९ए आणि ३१. बी किंवा ४९ म्हणजे बॅटरीकडून येणारा, एल किंवा ४९ए म्हणजे बल्बकडे जाणारा, ई किंवा ३१ म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारा. नवा रिले विकत घेताना जुना हातात धरून दुकानात जा आणि पायांची जागा जुळवूनच घ्या, दिसायला एकसारखे असतात पण आतली जागा वेगळी असली आणि बॅटरीचा पाय अर्थच्या ठिकाणी बसला तर नवा रिले पहिल्याच झटक्यात जातो. तुमच्या जुन्या रिलेला दोनच पाय असले तर नव्याला अर्थ वेगळा द्यावा लागेल, कारण टायमिंगचं सर्किट चालायला त्याला अर्थ लागतोच. एक वायर घ्या, टोकाला गोल लग (बोल्ट जाईल अशा भोकाची पत्री) लावा आणि डॅशबोर्डमागच्या लोखंडी बोल्टखाली कसा, बोल्टखालचा रंग सँडपेपरनं घासून. रंगावर कसलेला अर्थ आज चालतो आणि पावसाळ्यात रुसतो.

एवढं केलं की टिकटिक सरळ होईल. पण याच्या पुढचं मी कळकळीनं सांगतो ते नीट वाचा, कारण दुकानदार हे सांगत नाही. हा रिले बसला त्या दिवसापासून तुमची गाडी बल्ब गेल्याचं सांगणं बंद करते. एलईडी मेला तरी टिकटिक तशीच, डॅशबोर्डवरचा हिरवा बाण तसाच.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालं आहे. दोन पावसाळ्यांआधीची गोष्ट, संध्याकाळी वर्धा रोडनं येत होतो, छत्रपती चौकातून डावीकडे वळलो, इंडिकेटर दिला होता, कानाला आवाजही होता. मागून एक मुलगी स्कूटीवर होती, तिनं कचकन ब्रेक मारला, रस्ता ओला, गाडी थोडी सरकली पण सावरली तिनं. बाजूला येऊन मला म्हणाली, काका इंडिकेटर तरी देत जा. मी म्हटलं दिला होता बेटा. उतरून पाहतो तर मागचा डावा एलईडी पूर्ण बंद, किती दिवसांपासून बंद होता देव जाणे. तिची माफी मागितली. ती गेली, पण तिचा हात थरथरत होता तो अजून डोळ्यासमोर आहे. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी गाडी पुसताना, चारही इंडिकेटर लावून मी गाडीभोवती चक्कर मारतो. तुम्हीपण ही सवय लावून घ्या, आणि रात्री पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मागच्या भिंतीवर पिवळा उजेड पडतो का तेही पाहत जा, दोन्ही बाजूंचा.

प्रश्न : सर, माझी गाडी तीन वर्षं जुनी आहे. चारही इंडिकेटर एलईडी केले, ब्लिंक फास्ट झालं म्हणून दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बल्बला रेझिस्टर जोडला, तो सोनेरी रंगाचा ५० वॅट ६ ओहमवाला. आठ दिवसांत मागच्या बंपरला आतून फुगा आला आणि जळका वास येतो. रेझिस्टर डुप्लिकेट होता का? मोठा लावू का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : रेझिस्टर ओरिजिनल असता तरी हेच झालं असतं. आधी एक काम करा, हे वाचून झाल्यावर खाली जाऊन तो काढा, मग पुढचं बोलू.

तुमच्या गाडीत वेगळा रिले नाही. नव्या गाड्यांत इंडिकेटर, सेंट्रल लॉक, काचा, वायपर सगळं एकाच कंट्रोल मॉड्युलमधून चालतं आणि टिकटिक आवाज तर स्पीकरमधून काढलेला असतो. म्हणून तुमच्याकडे रिले बदलायचा रस्ताच नाही आणि लोक रेझिस्टर लावतात, की मॉड्युलला वाटावं जुना बल्ब आहे. आता हिशोब पाहा. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं. ६ ओहममधून जातात २.३ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ३२ वॅट. जुना बल्ब २१ वॅट खात होता. म्हणजे वीज वाचवायला म्हणून एलईडी घेतला आणि रेझिस्टर लावून एलईडीसकट ३५ वॅट घालवून राहिलो आपण. आणि बल्बचे २१ वॅट काचेच्या मागे मोकळ्या जागेत जात होते, रेझिस्टरचे ३२ वॅट सुपारीएवढ्या धातूच्या तुकड्यातून जातात.

सिग्नलवर मिनिटभर इंडिकेटर दिला तर चालून जातं, कारण अर्धा वेळ तो बंदच असतो. पण समृद्धीवर गाडी बाजूला लावून चारही लाईट अर्धा तास चालू ठेवले, किंवा लग्नाच्या वरातीमागे हळूहळू चालताना लावून ठेवले, की तो शंभर डिग्रीच्या वर सहज जातो. त्यात आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६. तुम्ही तो बंपरच्या आत प्लास्टिकला दुहेरी टेपनं चिकटवला असणार, किंवा वायरच्याच जुडग्याला टायनं बांधला असणार. त्या ५० वॅटच्या आकड्याचा अर्थच असा आहे की मागे मोठा धातूचा पत्रा असेल तर ५० वॅट. त्याला दोन्ही बाजूंना भोकं दिलेली असतात ती स्क्रूनी पत्र्यावर कसायलाच.

लावायचाच असेल तर बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, दोन स्क्रूनी, वायर, प्लास्टिक, पेट्रोलची नळी, अस्तर यांच्यापासून चांगलं हातभर लांब. जोडणी बल्बला समांतर, एक टोक इंडिकेटरच्या वायरला, दुसरं अर्थला, उलटसुलट चालतं. आणि ती निळी चिमट्याची क्लिप वापरू नका जी वायर न सोलता दाबून बसवतात, ती वायरच्या तारा अर्ध्या कापते आणि मग तिथेच गरम होतं. वायर सोलून सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. एका बाजूला आधी एकच लावून पाहा, काही गाड्यांत तेवढ्यानं काम भागतं, काहींत प्रत्येक बल्बची तपासणी वेगळी असते म्हणून दोन लागतात. आतच रेझिस्टर असलेले कॅनबस नावाचे बल्बही मिळतात, पण ती गरमी मग होल्डरच्या आत कोंडते आणि शेजारी एलईडी असतो, त्याचंच आयुष्य कमी होतं.

आणि इथेही तेच, एलईडी मेला तरी रेझिस्टर २.३ अँपिअर खातच राहतो, मॉड्युलला वाटतं सगळं ठीक आहे. गॅरंटीतली गाडी असेल तर वायर कापल्यावर इलेक्ट्रिकल गॅरंटीचा वाद होतो तो वेगळा. खरं मत विचाराल तर तुमच्या गाडीत मी जुने बल्ब परत लावले असते. फुगा आलेला बंपर आतून नीट पाहून घ्या, वायरचं कव्हर मऊ झालं असेल तर तो तुकडा बदला, नुसता टेप गुंडाळू नका.

प्रश्न : दादा, पांढरा एलईडी घ्यावा की पिवळा? माझ्या गाडीची काच नारंगी आहे म्हणून मी पांढरा टाकला तर रंग फिका लिंबूसारखा दिसतो. आणि डब्यावर २००० ल्युमेन लिहिलं आहे तरी मिस्टर म्हणतात दिवसा दिसतच नाही. ते बरोबर की डबा बरोबर?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर बरोबर.

आधी रंग. जुन्या बल्बचा उजेड मुळातच पिवळसर-लाल बाजूला भरलेला असतो म्हणून नारंगी काचेतून तो भरपूर बाहेर येतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त आणि नारंगी भाग त्या मानानं कमी, नारंगी काच निळा अडवून टाकते, मग उरतं काय, तो फिका रंग. म्हणून काच नारंगी असो की पांढरी, बल्ब अंबर, म्हणजे नारंगी-पिवळ्या रंगाचाच घ्यायचा. याचसाठी पांढऱ्या काचेच्या गाडीत जुना बल्बही रंगीत काचेचा येतो आणि त्याच्या बुडाच्या दोन खुंट्या समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात, म्हणजे तिथे चुकून साधा पांढरा बल्ब बसू नये. एलईडी घेताना जुना बल्ब हातात घेऊन या खुंट्या जुळवा. काही लोक तिरकी खुंटी कानशीनं घासून बसवतात, ते करू नका.

आता ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप. इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा पांढरा बल्ब ४६० ल्युमेनच्या आसपास देतो आणि अंबर काचेचा २८०. एवढ्यात कंपनीनं सगळं बसवलेलं असतं. तुमच्या त्या एलईडीला मल्टीमीटर लावून करंट मोजा, बहुतेक पाव अँपिअरच्या खाली निघेल, म्हणजे तीन वॅट. तीन वॅटमध्ये २००० ल्युमेनचा अंबर उजेड जगात कोणीच काढू शकत नाही. डब्यावरचा आकडा सोडून द्या.

पण खरी गोष्ट ल्युमेनचीही नाही, उजेड कुठून निघतो त्याची आहे. लाईटच्या आतली ती चांदीसारखी वाटी, रिफ्लेक्टर, ती फिलामेंटच्या जागेसाठी बनवलेली आहे. फिलामेंट एवढीशी तार, ठरलेल्या अंतरावर, चहूबाजूंनी उजेड देते आणि वाटी तो गोळा करून मागे फेकते. एलईडीत बरेचदा सगळे चिप टोकाला समोर तोंड करून असतात, मग मधोमध एक जळजळीत ठिपका दिसतो आणि वाटी काळी राहते. बाजूंनी चिप असलेला, आणि चिपची जागा जुन्या फिलामेंटच्या उंचीला येणारा, असा बल्ब त्यातल्या त्यात बरा. दोन्ही बल्ब शेजारी टेबलावर उभे करून पाहा, लगेच कळतं.

आणि तपासायचं कधी, तर रात्री नाही. रात्री सगळंच छान दिसतं. दुपारी दोन वाजता गाडी गच्चीखालून बाहेर काढा, मागची बाजू उन्हाकडे करा. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला जुनाच बल्ब राहू द्या. पार्किंगवाले चारही लाईट चालू करा आणि तीस पावलं मागे जा. मग तिथूनच बाजूला सरकत जा, जिथे दुचाकीवाला असतो तिथपर्यंत, आणि मान वळवून पाहा. मी हे माझ्या गल्लीत केलं तेव्हा सरळ मागून दोन्ही सारखे दिसले, पण चार पावलं डावीकडे सरकलो तर जुना बल्ब तसाच पेटताना दिसत होता आणि एलईडीकडे पाहून काच नुसती उन्हानं चमकते आहे की इंडिकेटर लागला आहे तेच समजेना. तो बल्ब मी त्याच दिवशी काढला.

नागपूरकरांनी अजून एक लक्षात ठेवायचं. अंबर आणि लाल एलईडी गरम झाले की त्यांचा उजेड पांढऱ्या एलईडीपेक्षा बराच जास्त उतरतो, त्या चिपचा स्वभावच तसा आहे. म्हणून उन्हात तासभर उभी असलेली गाडी, बंद डब्यातला लाईट आणि पाच मिनिटं चालू ठेवलेला इंडिकेटर, अशा वेळी पाहा. सुरुवातीला आणि पाच मिनिटांनी मोबाईलवर फोटो काढा, त्यात फोकस आणि एक्सपोजर लॉक करून, म्हणजे फरक लपत नाही. जास्तच उतरत असला तर त्या बल्बचं अल्युमिनियमचं बूड छोटं आहे, गरमी काढायला जागा नाही.

प्रश्न : काकाजी राम राम. जुन्या मोटरसायकलला चारही इंडिकेटर एलईडी केले, एलईडीचा रिलेपण टाकला. आता डावा दिला तरी चारही लागतात, उजवा दिला तरी चारही. वायरिंग तर जशीच्या तशी आहे. काहून होऊन राहिलं असं?
– एक वाचक, कामठी

उत्तर : राम राम. वायरिंग जशीच्या तशी आहे म्हणूनच होऊन राहिलं. प्रश्न गाडीचा नसून दुचाकीचा आहे, पण जुन्या काही जीप-गाड्यांतही हेच होतं म्हणून घेतला.

तुमच्या मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच दिवा आहे ना, डाव्या-उजव्या दोन्हीसाठी? त्या दिव्याचं एक टोक डाव्या वायरला आणि दुसरं उजव्या वायरला जोडलेलं असतं, त्याला स्वतःचा अर्थच नसतो. डावा दिला की करंट डाव्या वायरमधून त्या दिव्यात, तिथून उजव्या वायरमध्ये आणि उजव्या बल्बच्या थंड फिलामेंटमधून अर्थला. इतक्या थोड्या करंटनं उजवे जुने बल्ब पेटत नव्हते, फक्त रस्ता देत होते. एलईडीला मात्र पेटायला तेवढं थोडंच पुरतं, म्हणून चारही पेटतात.

इलाज छोटा आहे. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात १एन४००७ नावाचे डायोड मिळतात, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे, दोन घ्या. मीटरमधल्या दिव्याची दोन्ही टोकं सोडवा. डाव्या वायरला एक डायोड, उजव्या वायरला एक डायोड, दोघांची पांढऱ्या पट्टीची बाजू एकत्र जोडून दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचं दुसरं टोक सरळ अर्थला. पट्टी दिव्याकडे, हे विसरू नका, उलटं लावलं तर दिवाच लागणार नाही. सोल्डरवर स्लीव्ह चढवा, दुचाकीच्या हेडलाईटच्या डोम्यात पाणी जातंच.

प्रश्न : हे सगळं कायदेशीर आहे का? आरटीओवाले किंवा ट्राफिकवाले पकडतात का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं जशी गाडी बनवली त्यात मनानं फेरबदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्यानं लिहिलं गेलं, त्यात न चालणाऱ्या फेरबदलासाठी मालकाला एकेका बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंडिकेटरचा लाईट ज्या बल्बवर पास झालेला असतो त्याच बल्बसह पास झालेला असतो, ऑनलाइन मिळणारा एलईडी त्यात धरलेला नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटरचा रंग अंबर आणि वेग मिनिटाला ६० ते १२० एवढाच सांगितलेला आहे. म्हणजे ते पळते, टिकटिकटिकटिक करणारे इंडिकेटर, निळे इंडिकेटर, पांढरे इंडिकेटर, हे सरळ सरळ नियमाबाहेर. मोबाईलच्या घड्याळावर १५ सेकंद मोजा, १५ ते ३० च्या मध्ये यायला हवे, चारनं गुणलं की तेच ६० ते १२०. अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यानं पाहणीत वायर कापलेली पाहिली तर काय प्रश्न विचारेल याचाही विचार करा. कोणी पकडतं का म्हणून नका विचारू भाऊ.

प्रश्न : इंडिकेटर, पार्किंग सगळं बंद करून गाडी लॉक केली तरी रात्री मागचा एलईडी मंद लुकलुकतो. बॅटरी उतरेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कंट्रोल मॉड्युल अधूनमधून छोटा करंट सोडून बल्ब जिवंत आहे का ते तपासतं, जुना बल्ब तेवढ्यात पेटत नव्हता, एलईडी लुकलुकतो. त्यासाठीचा करंट अगदी कमी असतो पण लॉक केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही थांबत नसेल तर मॉड्युल झोपत नाही असा अर्थ, तेव्हा मात्र बॅटरी उतरू शकते. जुना बल्ब परत लावून पाहा, थांबलं तर कारण कळलं.

प्रश्न : दादा, बाबांची गाडी २००४ ची आहे. मागचा उजवा इंडिकेटर खूप मंद लागतो, डावा चांगला आहे. बाबांना आता रात्री कमी दिसतं पण शेतावर उमरेडला जायला गाडी लागतेच. त्यांच्यासाठी एलईडी करून देऊ का, म्हणजे मागच्याला तरी चांगलं दिसेल? मला स्वतःला करायचं आहे, मुलगी म्हणून गॅरेजवाले हातच लावू देत नाहीत.
– एक वाचक, महाल

उत्तर : ताई, नक्की स्वतः करा, आणि एलईडी न घेता करा. एका बाजूचा मंद आणि दुसऱ्या बाजूचा चांगला, म्हणजे बल्बपर्यंत वीज पूर्ण पोचत नाही. २००४ च्या गाडीत दहातले नऊ वेळा मी अर्थ आधी पाहीन.

चावी काढून डिक्कीतून लाईट खोला, होल्डर पाव फेरी फिरवला की बाहेर येतो. बल्ब दाबून फिरवून काढा, आधी थंड होऊ द्या. आता होल्डरच्या आत पाहा, तळाला पितळेचा ठिपका आहे त्याच्यावर हिरवट-पांढरी पावडर दिसेल, आणि बाजूच्या पत्रीवर गंज. बल्बच्या बुडालाही काळे डाग असतील. बारीक सँडपेपर पेन्सिलच्या मागच्या टोकाला गुंडाळा आणि आतून हलक्या हातानं फिरवा, पितळ पिवळं चमकेपर्यंत. तळाचा ठिपका स्प्रिंगवर असतो, दाबून पाहा वर येतो का. मग बल्ब परत होल्डरमध्ये बसवा, चावी लावा आणि मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून, इंडिकेटर चालू असताना एक टोक होल्डरच्या बाजूच्या पत्रीला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावा, वायर पुरत नसेल तर लांब जोडून घ्या. बल्ब पेटतो त्या क्षणाला आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थच्या रस्त्यात अडथळा आहे. लाईटच्या मागून एक काळी वायर निघून बॉडीला स्क्रूनी कसलेली दिसेल, तो स्क्रू खोला, खालचा गंज घासा, परत घट्ट करा.

शेवटी होल्डरमध्ये नखावर मावेल एवढं व्हॅसलीन लावा, लाईटमागचा रबर कडक होऊन चिरला असेल तर तो बदला, नाहीतर जूनमध्ये पाणी परत आत जाईल. नवा बल्ब टाकायचाच तर चांगल्या कंपनीचा साधा २१ वॅटचा, दोन्ही बाजूंना एकत्रच. आणि नारंगी काच आतून धुवा, साबणाच्या पाण्यानं. २० वर्षांची धूळ असते तिथे, बाहेरून दिसत नाही पण निम्मा उजेड तीच खाते. काच सुकली की बसवा, बाबांना सीटवर बसवून इंडिकेटर द्यायला सांगा आणि तुम्ही गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहा.